आईच्या माहेरची तळी

अमरावतीकडे जेवणात पोळी पहिली, भात शेवटी आणि तोही चवीपुरता. आमच्या घरी मात्र दोन्ही वेळा भाताचं पातेलंच मोठं असतं, कारण आई झाडीपट्टीतली. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा काही भाग मिळून जो धानाचा नि जंगलाचा पट्टा होतो, ती झाडीपट्टी. आईचं माहेर अर्जुनी-मोरगाव तालुक्यातलं. लग्न होऊन वऱ्हाडात आली तेव्हा इथल्या काळ्या, भेगाळलेल्या जमिनीकडे पाहून तिनं पहिल्या दिवशी विचारलं होतं म्हणे, "तळं कोठी आहे?" बाबांनी तिला विहीर दाखवली.

यंदा भाऊबीजेला मामाला गुडघ्यामुळे येता आलं नाही. फोन ठेवल्यावर आई म्हणाली, "आता मीच जातो ओवाळाले." आमच्याकडे त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत भाऊबीज चालते. मुलांच्या सुट्ट्या उरल्या होत्या, यांनीही रजा टाकली. बाबा गेल्यापासून आईचं तिकडे जाणं झालं नव्हतं, तेव्हा थेट गाडी दामटत जायचं नाही, वाटेतली तळी-डोंगर पाहत पाहत तिला माहेरी न्यायचं, असं मी ठरवलं.

पहिला दिवस : अमरावती ते रामटेक

सकाळी सहाला निघालो. नागपूरपर्यंत रस्ता चांगला आणि ओळखीचा, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. तळेगावला चहा घेतला. नागपूरला शहरात न शिरता बाहेरच्या रस्त्यानं निघालो आणि मनसर आलं तसा उजवीकडे रामटेकचा डोंगर दिसू लागला.

सह्याद्री पाहिलेल्या माणसाला विदर्भातले डोंगर ठेंगणे वाटतात. पण सपाट मैलोन्‌मैल चालून आल्यावर अचानक उभी राहिलेली ती टेकडी आणि तिच्या माथ्यावरची पांढरी शिखरं यांचा एक वेगळाच दरारा असतो. मेघदूतातला रामगिरी तो हाच, असं परंपरा मानते. मुलांना त्यापेक्षा पायऱ्यांवरच्या वानरांत जास्त रस होता. सईच्या हातातलं सीताफळ एका वानरानं इतक्या शांतपणे काढून नेलं की तिला रडायचंही सुचलं नाही.

राममंदिराच्या वाटेवर केवल-नरसिंहाचं मंदिर लागतं. लहान, जाड भिंतींचं, वाकाटकांच्या काळातलं, म्हणजे पाचव्या शतकातलं. बहुतेक लोक तिथे थांबत नाहीत. तुम्ही थांबा. आतली नरसिंहाची मूर्ती आरामात बसलेली आहे, एक गुडघा वर घेऊन, जेवण झाल्यावर ओसरीवर बसावं तशी. तिथल्या शिलालेखात सुदर्शन नावाच्या तळ्याचा उल्लेख आहे. म्हणजे या मुलखात तळं बांधणं हे दगडावर कोरून ठेवण्याइतकं मोठं पुण्यकर्म दीड हजार वर्षांपूर्वीपासून आहे. मी आईला ते सांगितलं, तर ती म्हणाली, "देऊळ बांधलं तं दिवा लागते, तळं बांधलं तं चूल पेटते."

माथ्यावरून खाली डोंगराच्या कुशीत अंबाळा तलाव दिसतो, चहूकडून घाट आणि देवळं असलेला. पलीकडे खिंडसी, ब्रिटिशांच्या काळात सूर नदीवर बांधलेला मोठा जलाशय. संध्याकाळी खिंडसीला होडीत बसलो. मुक्काम रामटेकलाच. त्रिपुरी पौर्णिमेची तयारी सुरू झाली होती, बाजारात गर्दी होती. आईनं कपुरी पानं घेतली, मामासाठी.

दुसरा दिवस : आंभोरा, भंडारा, आणि पंक्चर

मौद्यावरून आंभोऱ्याला गेलो. वैनगंगा, कन्हान, आम आणि आणखी दोन नद्या इथे एकत्र येतात, म्हणून पाच नद्यांचा संगम म्हणतात. टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ आहे. मुकुंदराजांनी शके १११०, म्हणजे इसवी सन ११८८ मध्ये 'विवेकसिंधू' इथेच लिहिला, ही इकडच्या लोकांची श्रद्धा. अंबाजोगाईकर अर्थातच ते मान्य करत नाहीत.

आता मात्र संगम दिसतच नाही. दिसतं ते नुसतं पाणी, क्षितिजापर्यंत. गोसेखुर्दचं धरण पवनीजवळ आहे, त्याचा फुगवटा इथवर आला. १९८८ मध्ये राजीव गांधींच्या हस्ते त्याचं भूमिपूजन झालं, आणि नंतरच्या वर्षांत काठची गावंच्या गावं उठली. नवा झुलता पूल, त्यावरची काचेची गॅलरी, सेल्फी काढणारी माणसं, सगळं खरोखर सुंदर आहे. मुलं गॅलरीतून खाली उतरायला तयार नव्हती. पण पुलाखाली चहाची टपरी चालवणाऱ्या काकांनी पाण्यात एका दिशेला बोट दाखवून "आमचं गाव तिकडं होतं" असं सांगितलं, आणि "होतं" हा शब्द ते इतक्या सवयीनं बोलले की मला पुढे काही विचारवलं नाही. मला धरणांचा राग नाही. सिंचन पाहिजेच. पण काकांनी दाखवलेलं ते पाणी मनात ठेवूनच मी पुढची तळी पाहिली.

भंडाऱ्याला पितळेची बाजारपेठ. आईनं मामीसाठी एक गंज, म्हणजे पितळी पातेलं, घेतला. दुकानदारानं तो बोटानं वाजवून दाखवला, आईनं स्वतः पुन्हा वाजवून पाहिला, मग दुसरा काढायला लावला, तोही वाजवला. अर्धा तास गेला. साकोलीला जेवलो. नागझिऱ्याला आत जायची मुलांची फार इच्छा होती, पण आयत्या वेळी ते जमणारं नव्हतं, आणि आईला आता घाई झाली होती.

कोहमाऱ्याला महामार्ग सोडून नवेगाव-अर्जुनीच्या रस्त्याला लागलो तसा मुलूखच बदलला. दोन्हीकडे साग, ऐन, मोह. जंगल संपलं की बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं, बांध्या संपल्या की पुन्हा जंगल. हलकं, म्हणजे लवकर येणारं धान कापून झालेलं होतं, त्याचे पुंजणे, म्हणजे ढीग, शेतात उभे होते. उशिरा येणारं भारी धान अजून पिवळं पडत होतं. आईनं काच खाली केली आणि ओल्या धानाचा तो वास आत येऊ दिला. ती काही बोलली नाही. मी आरशातून पाहत होते, तर तिचे डोळे मिटलेले.

सूर्य मावळायच्या सुमारास, नेमकं जंगलात, मागचं चाक बसलं. गाडीतला जॅक निघाला खराब. हे घामाघूम झाले. पार्थ वाघाच्या भीतीनं गाडीत काचा लावून बसला. पंधरा मिनिटांनी एक ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत दहा-बारा माणसं, नटूनथटून मंडईला, म्हणजे इकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेला निघालेली. एकानंही विचारलं नाही की काय झालं, सगळे उतरलेच. चार जणांनी मागची बाजू उचलून धरली, पाचव्यानं खाली दगड सारले, आणि स्टेपनी बसली. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं आईला विचारलं, "कोटचे तुमी?"

आई म्हणाली, "मी इकडचीच." आणि माहेरच्या गावाचं नाव सांगितलं. म्हातारा म्हणाला, "मंग पाटलाची बहीन व्हय. तुमच्या तर्‍यात यंदा पानी मस्त आहे."

तरा. झाडीबोलीत ळ चा र होतो आणि ण चा न. डोळा म्हणजे डोरा, काळा म्हणजे कारा, तळं म्हणजे तरा. लहानपणी आईच्या तोंडून हे शब्द मी ऐकले होते. मग अमरावतीत लोक हसतात म्हणून तिनं ते टाकून दिले. त्या संध्याकाळपासून ते एकेक करून परत यायला लागले.

मामाकडे पोचायला रात्रीचे आठ वाजले. दारातच ओवाळणं झालं. मामा खुर्चीवर, आई ताट घेऊन उभी, दोघांच्याही डोळ्यांत पाणी. लाखोळीच्या डाळीचे वडे आणि नव्या तांदळाचा भात असं जेवण होतं. मुलं झोपेतच जेवली.

तिसरा दिवस : नवेगावबांध

पहाटे पाचला मामेभावानं उठवलं. "पाखरं पाहायची तं आताच." नवेगावबांधला पोचलो तेव्हा तळं धुक्यात होतं. पलीकडचा काठ दिसत नव्हता, नुसता आवाज येत होता. शेकडो अडया, म्हणजे शिट्टी घालणारी रानबदकं, एकाच वेळी बारीक शिट्टी घालत होत्या.

मग ऊन चढलं आणि धुकं उचललं गेलं, खालून वर, पडदा गुंडाळावा तसं. आधी कमळाची पानं दिसली, पानांवरून लांब बोटांनी चालणारा कमळपक्षी दिसला, मग काळे वारकरी, मग पाणकावळे वाळत घातल्यासारखे पंख पसरून बसलेले, आणि सगळ्यांत शेवटी डोंगर. तळ्याभोवतीच्या या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात. अकरा चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेलं हे पाणी, आणि ते निसर्गानं दिलेलं नाही. माणसांनी साठवलेलं आहे.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी हे तळं बांधलं. डोंगरांच्या मधल्या खिंडी नेमक्या हेरून तिथे मातीची पाळ घातली, बाकीची भिंत डोंगरांनीच पुरवली. लोक सांगतात की बांध टिकेना तेव्हा सात बहिणी मदतीला धावल्या. कोलू पाटलांना लोकांनी पुढे देव केलं. कोलासूर म्हणून आजही त्यांची पूजा होते. राजाचा देव होतो, साधूचा देव होतो, पण पाणी अडवणाऱ्या शेतकऱ्याचा देव झालेला मी तरी दुसरा पाहिला नाही.

मामेभाऊ पाळेवर बसून सईला हे समजावून सांगत होता. कोहळी ही तळी बांधणाऱ्यांची जात. चांद्याच्या गोंड राजानं फर्मान काढलं होतं, जो तळं बांधील त्याला त्या पाण्याखाली भिजेल तेवढी जमीन. तेव्हा ज्यानं त्यानं आपापल्या गावाच्या वर, उताराच्या तोंडाशी माती टाकली. वरचं तळं भरलं की सांडव्यावरून पाणी खालच्या तळ्यात, ते भरलं की त्याच्या खालच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात. म्हणून पावसाचं पाणी एका झटक्यात नदीला जात नाही, गावोगाव थांबत थांबत जातं. पूर्व विदर्भात अशी जवळपास ७ हजार तळी आहेत. मालगुजारांच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या ताब्यात असायची म्हणून ती मालगुजारी तळी. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तळी सरकारजमा झाली आणि कागदोपत्री 'माजी मालगुजारी तलाव' असं नाव पडलं. त्याचं झालं 'मामा तलाव'.

पार्थला हे भलतंच पटलं. त्याच्या लेखी मामाआजोबांच्या गावी तळं असणार ते मामा तलावच असणार, यात समजावण्यासारखं काय आहे?

तळ्यात मालडोंगरी नावाचं बेट आहे. वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली यांचं नाव इथल्या पाण्याशी आणि पाखरांशी कायमचं जोडलं गेलं आहे. २०२५ च्या जूनमध्ये ते गेले. मामेभावानं बेटाकडे हात करून त्यांचं नाव घेतलं तेव्हा आपोआप त्याचा आवाज खाली आला, घरातल्या वडीलधाऱ्याबद्दल बोलावं तसा. नवेगावला १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि २०१३ मध्ये नागझिऱ्यासकट व्याघ्र प्रकल्प झाला.

आईला पाळेवर चालायचं होतं. गुडघे तिचेही दुखतात, पण माझा हात धरून ती बरीच लांब चालली. एका ठिकाणी थांबली. तिच्या लहानपणी सगळं कुटुंब बैलबंडीनं नवेगावला यायचं, पाळेच्या खाली चुली मांडून स्वयंपाक व्हायचा, आणि तिच्या आजीनं पहिला घास नेहमी पाण्यात सोडायचा. "तर्‍याचा हिस्सा," असं आजी म्हणायची. आईनं पिशवीतून रात्रीचा उरलेला वडा काढला, तुकडा मोडला आणि पाण्यात टाकला. खालून लगेच दोन मासे आले.

दुपारी ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजातल्या बायांकडून उकडलेले शिंगाडे घेतले. वरचं काळं टरफल दातानं सोलायचं, आत पांढरा, पिठूळ, गोडसर गर. त्या बायांपैकी एक सांगत होती की तळ्यात बेशरम नावाचं झुडूप माजलं की मासा राहत नाही. मासळीला अंडी घालायला पाणवनस्पती पाहिजे, आणि बेशरम सगळ्यांना मारते. म्हणून भंडारा-गोंदियातल्या काही गावांत ढिवरांनी स्वतः बेशरम उपटली, उन्हाळ्यात तळ्याचा कोरडा भाग नांगरला आणि जुन्या पाणवनस्पती आणून लावल्या. मग देशी मासे परतले, पाखरंही परतली. ती हे सांगत होती तेव्हा तिचे हात शिंगाडे सोलत होते, एकदाही न पाहता.

रात्री शेजारच्या गावी मंडई. दिवाळी झाली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, दिवसा दंडार हा लोकनाट्याचा खेळ नि बाजार, रात्री नाटक. वडसा हे या नाटक मंडळ्यांचं गाव. मोकळ्या शेतात पडद्यांचा मंडप, हजारभर माणसं, खाली तणसावर बसलेली, आणि नाटक पहाटेपर्यंत. आम्ही एक वाजता मुलांना उचलून आणलं. आई थांबली, मामीसोबत, सकाळी साडेपाचला परतली आणि चहा पिऊन पुन्हा कामाला लागली.

चौथा दिवस : इटियाडोह, गोठणगाव आणि घरचं तळं

इटियाडोह धरण गाढवी नदीवर आहे, १९७० च्या सुमारास झालेलं. डोंगरांत पसरलेलं निळं पाणी, काठावर जंगल. आम्ही तासभर बसलो. सुंदर आहे, पण नवेगाव पाहून आल्यावर मन तितकं गुंतत नाही.

गोठणगावजवळची तिबेटी वसाहत मात्र पाहावी. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेली ही माणसं धानाच्या मुलखात राहतात, शेती करतात आणि थंडी पडायच्या आधी स्वेटर विकायला निरनिराळ्या शहरांत जातात. त्यामुळे आम्ही गेलो तेव्हा बरीच घरं कुलूपबंद होती. मठाच्या पायरीवर दोन आजीबाई माळा फिरवत बसल्या होत्या. आईनं त्यांना सांगितलं की अमरावतीच्या तिबेटी बाजारातून घेतलेला स्वेटर ती पंधरा वर्षं वापरते आहे. त्यातल्या एकीनं आईचा हात धरला आणि चक्क मराठीत विचारलं, "गरम आहे ना अजून?"

दुपारनंतर आपल्या गावचं तळं. साठ-सत्तर एकरांचं असेल. नवेगावसारखा त्याचा डौल नाही, नकाशात शोधलं तर मिळणारही नाही. निम्म्या काठावर बेशरम आहे. गाळ काढायचं काम मंजूर झालं होतं, मशीन आली, आठ दिवस चालली आणि गेली, ती परत आलीच नाही. मामा हे शांतपणे सांगत होता, पण मला राग आला. तीनशे वर्षं जे टिकलं ते एका अर्धवट कामानं बुजू नये.

मामाच्या बांधीतलं भारी धान शेवटच्या पाण्यासाठी अडलं होतं. या एका पाण्यावर इकडे वर्षाचं ठरतं. परतीचा पाऊस लवकर थांबला आणि तळ्यात पाणी नसलं, तर लोंब्या भरत नाहीत, पोचट राहतात. म्हणून आज तुडूम उघडायचं होतं.

तुडूम म्हणजे पाळेला लागून, पाण्यात उभी असलेली दगडी विहिरीसारखी रचना. तिला एकाखाली एक भोकं, प्रत्येकात लाकडी खुंटी ठोकलेली. पाणी ज्या उंचीवर असेल त्याच्या जवळची खुंटी काढायची, तिथून पाणी आत पडतं आणि पाळेखालच्या नळीतून पाटात निघतं. पातळी उतरली की खालची खुंटी. त्यामुळे एकदम सगळं पाणी जात नाही, आणि खालचा थंड, गढूळ थर शेवटपर्यंत मासळीला राहतो. ना चाक, ना चावी.

मामा काठी टेकत पाळेवर आला. उतरणं त्याला शक्य नव्हतं, म्हणून मामेभाऊ कमरेइतक्या पाण्यात शिरला. खुंटीभोवती चिंध्या गुंडाळलेल्या होत्या, त्यावर शेवाळ. त्यानं आधी डावीकडून, मग उजवीकडून दगडानं हलक्या हातानं ठोकलं. मामा वरून सांगत होता, "ओढू नोको. फिरव." खुंटी हलली, बुडबुडे आले, आणि एकदम मोकळी होऊन ती त्याच्या हातात आली. पाणी आत घुसल्याचा घुमणारा आवाज आला.

मुलं पाळेच्या दुसऱ्या बाजूला धावली. पाट कोरडा होता, त्यात पानं पडलेली. आधी पानं हलली, मग काळसर पाण्याची एक जीभ पानांना ढकलत पुढे आली, वळणाशी थांबली, भरली, पुढे निघाली. पार्थ तिच्या बरोबरीनं चालत होता, अनवाणी, पहिल्या बांधीपर्यंत, मग दुसऱ्या. आई पाळेवर मामाशेजारी बसली होती. दोघं काही बोलत नव्हते. पाणी तिसऱ्या बांधीत शिरलं तेव्हा मामा म्हणाला, "पोचलं." आई म्हणाली, "हो, पोचलं."

त्या रात्री मरळीचा रस्सा आणि चिन्नोरचा भात. भंडाऱ्याच्या चिन्नोरला आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण आईनं वाफेचा वास घेऊन जे तोंड केलं, ते मला त्याहून मोठं वाटलं.

पाचवा दिवस : परत

सकाळी निघालो. मागच्या सीटखाली तांदळाचं पोतं, मोहाची फुलं, शिंगाडे, मामीनं दिलेल्या सांडग्यांचा डबा. साकोलीला टायर पाहून घेतला, नवा जॅक घेतला, आणि रात्री नऊला घरी.

येऊन आठवडा झाला. काल संध्याकाळी मामाचा फोन आला. आईनं तब्येत विचारायच्या आधी विचारलं, "तर्‍याचं कसं?" मग फोन कानाशी धरूनच ती पार्थकडे वळली आणि म्हणाली, "आज दुसरी खुंटी काढली."